वायर राहिली

"ज्याच्या घरात स्वतःचा सर्व्हर आहे, त्या माणसाला या जगात कोणापुढेही हात पसरावा लागत नाही," असे सुहासराव स्टुलावर उभे राहून म्हणाले. श्रोतृवर्ग एकच होता आणि तो तांदूळ निवडत होता. वाक्याचा परिणाम व्हायला त्यांनी थोडा वेळ दिला. मग ते खाली उतरले, टेबलामागे पाहिले, टेबलाखाली पाहिले आणि म्हणाले, "मानसी, समोरच्या सेजलकडून जरा वायर मागून आण. ह्याला वायरच नाही."

"कसली वायर?"

"तिच्या राइस कुकरला आहे तसली. जाड, तीन भोकांची. तीच बसते."

मानसीताईंनी सूप खाली ठेवले. "म्हणजे तुमचा सर्व्हर सेजलच्या भातावर चालणार."

"तात्पुरता," सुहासराव म्हणाले.

मे महिन्यातला सोमवार होता. महाडात मे महिन्यात माणूस फार बोलत नाही; पत्रे तेवढे तापून कडकडतात. नळाला एक दिवसाआड पाणी होते, आणि सावित्री नदी दगडांमधून अंग चोरून चालली होती. अशा दिवसांत पूर हा शब्दसुद्धा खोटा वाटतो.

सर्व्हर म्हणजे तशी मोठी भानगड नव्हती. जुना, मंद चालीचा एखादा कॉम्प्युटर कोपऱ्यात कायम चालू ठेवायचा, वायफायच्या डबीला जोडायचा, आणि घरातल्या सगळ्यांचे फोटो त्याच्या पोटात ठेवायचे. मग ते फोनवर बघा, टीव्हीवर बघा, पुण्याला बसून बघा. घरातल्या तिन्ही फोनांनी जागा संपल्याची तक्रार चालवली होती आणि आपल्या नातीचे फोटो परदेशातल्या कुठल्या तरी गोदामात पडून असावेत हे सुहासरावांना पटत नव्हते. त्यांनी आठवडाभर व्हिडिओ पाहिले, सरकारी परिपत्रकासारखे मुद्दे वहीत उतरवून घेतले, आणि माळ्यावरचा कॉम्प्युटरचा डबा खाली काढला.

डबा एका जुन्या चादरीत गुंडाळलेला होता. आजच्या फोनपुढे तो म्हणजे एसटीपुढे बैलगाडी. मानसीताईंनी विचारले, "हा कुठला?" तेव्हा ते म्हणाले, "ऑफिसच्या भंगारातला." डब्याच्या बाजूवर पांढऱ्या ऑइलपेंटने काढलेली दोन अक्षरे होती. ती त्यांनी पॉलिश पेपरने आधीच घासून काढली होती.

वायर आली. डबा चालू झाला. पंखा आधी दोनदा टक् टक् वाजला, मग म्हाताऱ्याने घसा साफ करावा तसा खर्र करून फिरू लागला. सुहासरावांनी आतले जुने सगळे पुसायला घेतले. 'कायमचे पुसायचे?' असे यंत्राने तीन वेळा विचारले. तिन्ही वेळा त्यांनी हो म्हटले.

आता सुहासरावांविषयी थोडे सांगायला हवे. एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन त्यांना सात वर्षे झाली होती. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही काम विनंतीवाचून केले नव्हते, आणि विनंती आली म्हणून लगेच केले, असेही फारसे झाले नव्हते. अर्जात 'नम्र विनंती' हे शब्द नसले की ते लाल शाईने शेरा मारीत: त्रुटी दूर करून फेरसादर करावे. माणूस वाईट नव्हता. विनंती नीट आली की त्यांचा चेहरा खरोखर उजळायचा.

घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. खाली रस्त्याला लागून एक गाळा, त्याच्या शेजारून वर जाणाऱ्या अठरा पायऱ्या, आणि वर सुहासराव. तिसऱ्या पायरीवर त्यांनी जाळीचे सरकते गेट बसवून घेतले होते, त्याला आतून कुलूप. जिन्याच्या भिंतीवर रेघा होत्या. इतर गावांत भिंतीवर पोरांची उंची मांडतात, महाडात पुराची मांडतात. २००५ ची रेघ सातव्या पायरीच्या अंगाला, सरळ, ऑइलपेंटची, खाली तारीख वळणदार अक्षरात. ती खालच्या गाळ्यातल्या महादू मास्तरांच्या हातची. २०२१ ची रेघ तेराव्या पायरीला होती. ती कोणी काढली नव्हती, चिखलानेच काढली होती. दोनदा चुना मारूनही ती पुन्हा वर येई.

ती काढायला मास्तर उरले नव्हते. त्या पुरात गल्लीतले एवढे एकच माणूस गेले.

मास्तरांचा टंकलेखनाचा क्लास होता. पुढे टाइपरायटरची सद्दी संपल्यावर त्यांनी एक कॉम्प्युटर घेतला आणि लोकांचे अर्ज टाइप करून देऊ लागले. 'महोदय, वरील विषयास अनुसरून नम्र विनंती की' हे शब्द त्यांच्या बोटांनी लाखभर वेळा तरी उमटवले असतील. स्वतःच्या तोंडाने मात्र त्यांनी कधी कोणाला विनंती केली नाही. सुहासराव शाळकरी असताना त्यांच्याकडेच टाइपिंग शिकले होते, त्यामुळे हेडक्लार्क झाले तरी मास्तरांना ते "अरे सुहास" होते, मग समोर साहेब असो की शिपाई. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह फिरवायला मास्तरांना वर यावे लागे. खालून हाक यायची, "सुहास, गेट उघड." राव नाही, जरा नाही. हे वीस वर्षे चालले, आणि वीस वर्षांत सुहासरावांना त्याची सवय झाली नाही.

मंगळवारपर्यंत सर्व्हर सुरळीत चालू झाला. त्यात एक सोय अशी होती की नवीन माणसाला फोटो बघायचे तर आधी विनंती पाठवावी लागे, आणि सुहासरावांच्या फोनवर दोन बटणे येत: मंजूर, नामंजूर. निवृत्तीनंतर हा आनंद त्यांना प्रथमच मिळत होता. मानसीताईंची विनंती त्यांनी मुद्दाम जेवण झाल्यावर मंजूर केली. पुण्याहून दीप्तीची, म्हणजे मुलीची, विनंती आली ती वाचून दाखवली.

दीप्तीने आपल्या फोनमधले चार हजारांवर फोटो चढवले. श्रुतिकाचे बारसे, पहिले पाऊल, पहिली शाळा. मानसीताईंच्या आईने पणतीला एकदाच मांडीवर घेतले होते, पुढच्या महिन्यात ती गेली. तो फोटोही त्यातच.

"बाबा, आता माझ्याकडचे पुसू ना? फोन चालतच नाहीये."

"पूस. माझ्याकडे सुरक्षित आहेत."

"नक्की?"

"अगं, ह्या घरात पुरातसुद्धा अकरा माणसं सुरक्षित राहिली."

ते खरे होते. पुराच्या सकाळी समोरच्या चाळीतली अकरा माणसे त्यांनी वर घेतली होती. गल्लीतल्या मंडळाने दिलेले 'पूरदूत' असे प्रमाणपत्र हॉलमध्ये टीव्हीच्या वर फ्रेम करून लावलेले होते. दीप्तीने फोटो पुसले.

बुधवारी सुहासरावांनी सर्व्हरला जोडलेल्या उपकरणांची यादी पाहिली. त्यांचा फोन, मानसीचा फोन, दीप्तीचा, टीव्ही. यादीत पाच नोंदी होत्या. पाचवीच्या नावाची जागा कोरी होती. तिने विनंती पाठवल्याची नोंद नव्हती. त्यांनी ती काढून टाकली. चहा पिऊन होईपर्यंत ती परत आली.

ते गॅलरीत गेले. समोर सेजल कपडे वाळत घालत होती.

"सेजल, तू आमचं वायफाय लावलंयस का?"

"काका, माझं नेट हाय की माझ्याकडे. तुमचं कशाला घेऊ? आणि माझी वायर रविवारी द्या हां. पाहुणे येणारेत, भात टाकायचाय."

त्या दिवशी दुपारी मानसीताई टीव्हीवर बारशाचे फोटो बघत बसल्या होत्या. मध्येच उठून त्यांनी पदराने पडद्याची खालची कड पुसली. मग पुन्हा पुसली.

"अहो, ह्या फोटोंना खाली काय लागलंय?"

प्रत्येक फोटोच्या तळाशी बोटभर रुंद तपकिरी पट्टा होता. बारशाच्या फोटोत, शाळेच्या फोटोत, प्रतापगडाच्या सहलीच्या फोटोत. सुहासरावांनी चष्मा पुसून पाहिले आणि डिस्क जुनी आहे, असे निदान केले. निदान बरोबर असेल, तर गुरुवारी सकाळी पट्टा पाळण्याच्या पायांपर्यंत चढायला नको होता. तो चढला होता. त्याची वरची कड सरळ नव्हती, किंचित हलल्यासारखी होती, आणि तिच्या खाली साड्यांचे काठ गढूळ दिसत होते.

सुहासराव घाबरणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी डिस्कची तपासणी लावली. डिस्कमध्ये दोष नाही, असे उत्तर आले. त्यांनी पन्नास फोटो पेन ड्राइव्हवर घेतले आणि उन्हातून चालत बाजारातल्या स्टुडिओत प्रिंट काढायला दिले. शुक्रवारी ते आणायला गेले तेव्हा स्टुडिओवाला काउंटरवर एकही फोटो न ठेवता नुसता उभा होता.

"काका, तुमचे प्रिंट वाळत नाहीत."

"म्हणजे?"

"कालपासून पंख्याखाली ठेवलेत. पुसले की परत ओले. बघा तुम्हीच."

सुहासरावांनी एक प्रिंट उचलली. ती जड होती. तिला वास होता. चिखल, डिझेल आणि भिजून फुगलेले धान्य यांचा तो वास महाडचा कुठलाही माणूस डोळे मिटून ओळखील. प्रिंटमध्ये पट्टा गुडघ्यांवर आला होता. त्यांनी पाकीट तिथेच ठेवले आणि "नंतर नेतो" म्हणाले. पुसलेली बोटे घरी येईपर्यंत पुन्हा ओली झाली होती.

घरी दीप्तीचा फोन वाट बघत होता. "बाबा, फोटो खराब होतायत. आजीच्या मांडीवरचा बघा. श्रुतिकाचे पाय दिसत नाहीयेत."

"दुरुस्त होतील."

"माझ्याकडे दुसरी प्रत नाही, बाबा. तुम्ही पूस म्हणालात."

"होतील म्हणालो ना."

शनिवारी सकाळी खाली गेट वाजले आणि सुहासरावांच्या हातातला पेपर खाली पडला. पण ती कमळाबाई होती, मास्तरांची बायको. मास्तर गेल्यापासून ती वरंधच्या अंगाला आपल्या वाडीत राहायची आणि महिन्या-दोन महिन्यांनी महाडला काही काम निघाले की मानसीताईंकडे पाणी प्यायला यायची. तिने पिशवीतून फणसाचे गरे काढून ठेवले.

"जयभीम, भाऊ. पाणी मिळतंय ना तुमाला? आमच्याकडं तर विहिरीत बादली आपटते."

"मिळतंय एक दिवसाआड," सुहासराव म्हणाले.

मानसीताई पाणी आणायला आत गेल्या. कमळाबाई बसली, आणि पेला हातात येण्याआधीच तिची मान कोपऱ्याकडे वळली. डबा टक् टक् वाजला. खर्र झाले.

"ह्यो आवाज," कमळाबाई म्हणाली.

"सर्व्हर आहे. फोटो ठेवायचा," सुहासराव म्हणाले.

"आमच्या मास्तरांचा डबा असाच खोकायचा गो, मानसी. रोज सकाळी. मी म्हनायची, त्याला एक काढा दे. तर म्हनायचा, माझ्याआधी नाय मरायचा तो." ती थोडी हसली. "पन दोघं संगतीच गेले."

टीव्हीवर फोटो आपोआप बदलत होते. पट्टा आता मोठ्या माणसांच्या कमरेला होता.

"मला एवढंच कळत नाय," कमळाबाई म्हणाली. तिने पेला दोन्ही हातांत धरला होता. "मी तवा गावाला. पानी भरताना तो कुठं व्हता? हितं. जिना कुठं? हितं, भिंतीला भिंत. तीन पायऱ्या चढला असता तर वर अकरा मानसं बसली व्हती. डब्यापायी थांबला म्हनतात. मानसापरीस डबा मोठा झाला व्हय त्याला? पाच वरसं मी हेच इचारतेय, आनि इचारू कुनाला."

"हट्टी होते," सुहासराव म्हणाले. पंचनाम्यातही त्यांनी हेच सांगितले होते. मी वर होतो, ते वर आलेच नाहीत, स्वभावाने हट्टी होते. खाली सही होती, सुवाच्य.

कमळाबाईने मान हलवली. टीव्हीकडे बघत बसली. मग म्हणाली, "भाऊ, ह्या फोटूत तुमी एकलेच खाली का?"

सुहासरावांनी पाहिले. बारशाचा फोटो होता. पाळण्याभोवती सगळे पूर्वी एका ओळीत उभे होते. आता ओळीतली बाकीची माणसे दोन-तीन पायऱ्या वर असल्यासारखी उंचावर उभी होती, पाळणाही वर होता, आणि पाण्याच्या कडेला कोणाचे पाऊलसुद्धा लागत नव्हते. एकटे सुहासराव कमरेइतके आत होते. फोटोत ते हसत होते, कारण फोटो काढताना ते हसले होते.

"पडदा बिघडलाय," ते म्हणाले आणि टीव्ही बंद केला.

कमळाबाई गेल्यावर मानसीताई तिचा पेला हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"तो डबा कुठून आणलात?"

"सांगितलं ना. भंगारातला."

"भंगारातला डबा माळ्यावर कधी चढवलात? मी कधी पाहिलं नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. "त्या सकाळी मी चहाला पाहुण्यांचे अकरा कप मांडले होते. तुम्ही खालून आलात आणि म्हणालात, मास्तर पण येतायत; म्हणून मी बारावा मांडला. मग थोड्या वेळानं तुम्हीच तो उचलून फळीवर ठेवलात. मला वाटलं, बेत बदलला असेल त्यांचा."

सुहासराव पेपराची घडी घालू लागले. ती नीट बसेना.

"तुम्ही सांगताय कमळाबाईंना, की मी सांगू?"

"काय सांगायचं?"

मानसीताईंनी पेला विसळला, फळीवर पालथा घातला, आणि रविवारी सकाळच्या एसटीने त्या वरंधला गेल्या. जाताना जाळीतून हात घालून गेटला कुलूप लावले आणि किल्ली आत टाकली. निरोप वगैरे काही घेतला नाही.

झाले होते ते असे.

पुराच्या सकाळी सुहासराव गेटवर उभे होते. गल्लीत गुडघाभर पाणी होते. समोरची माणसे एकेक येत होती आणि प्रत्येक जण म्हणत होता, "साहेब, जरा वर घेता का?" सुहासराव घेत होते. इतक्या विनंत्या इतक्या मनापासून त्यांना नोकरीतही आल्या नव्हत्या. सगळ्यांच्या शेवटी मास्तर आले. खांद्यावर डबा, बाजूवर पांढऱ्या अक्षरात म. मा. "अरे सुहास, हे धर," ते म्हणाले. "वायर राहिली. आलोच." आणि पाण्यातून परत गाळ्यात गेले.

सुहासरावांनी डबा धरला. एका हाताने गेट ओढले, कुलूप लावले, आणि डबा घेऊन वर आले; गलक्यात कोणाचे लक्ष नसताना तो माळ्यावर ठेवला. मारायचे वगैरे त्यांच्या मनात काहीही नव्हते. त्यांना फक्त एकदा ऐकायचे होते. आज अख्खी गल्ली जे म्हणाली ते मास्तरांनी एकदा म्हणावे, एवढेच. सुहासराव, जरा. दोन शब्द.

खालून गेट वाजले. "सुहास, गेट उघड."

त्यांनी चहा घेतला.

"सुहास."

बाहेर पाऊस होता, आत अकरा माणसांचा गलका होता. गेट पुन्हा वाजले, जोरात, मग आणखी जोरात. सुहासरावांनी चहा संपवला. अर्धा कप उरला होता, तो टाकवेना. मग ते किल्ली घेऊन जिन्यात आले. पाणी नवव्या पायरीवर होते. कुलूप पाण्याखाली होते. गेट वाजत नव्हते.

मास्तर दोन दिवसांनी पुढच्या गल्लीत सापडले. सुहासरावांनी तेव्हा एकच चौकशी केली होती. हातात काही होते का? नव्हते.

रविवारी सकाळी दहा वाजता सुहासराव सर्व्हरपुढे बसले. टीव्हीवर पाणी छातीला होते. सगळ्या चार हजार फोटोंत. जिथे ते मूळ फोटोत नव्हते, त्या शाळेच्या स्नेहसंमेलनातसुद्धा आता मागे एका बाजूला, पाण्यात, ते होते.

उपाय एकच सुचला. बत्तीस वर्षे जो इतरांनी केला, तो त्यांनी प्रथमच केला. अर्ज लिहायला घेतला.

प्रति, मा. महादू मास्तर. विषय: छायाचित्रे पूर्ववत करून मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून नम्र विनंती की, आपण दि. २२ जुलै २०२१ रोजी वेळीच वर न आल्याने घडलेल्या दुर्दैवी घटनेबाबत अर्जदारास अतीव दुःख आहे. तथापि, सदर छायाचित्रांचा तिच्याशी संबंध नसल्याने ती पूर्ववत करण्यात यावीत.

त्यांनी अर्ज सर्व्हरमध्ये ठेवला. बंद केला. पुन्हा उघडला.

खाली लाल अक्षरे होती. 'वर न आल्याने हा मजकूर वस्तुस्थितीस धरून नाही. त्रुटी दूर करून फेरसादर करावे.'

पाणी खांद्यांवर आले.

सुहासरावांनी कपाळ पुसले. मजकूर दुरुस्त केला: 'वर येऊ न शकल्याने'. ठेवला. उघडला.

'त्रुटी कायम.'

पाणी गळ्याशी आले. आता फोटोतले सुहासराव हसत नव्हते. त्यांच्या दोन्ही मुठी काहीतरी उभे धरून होत्या, आणि ते जाळीचे गज होते.

खरे वाक्य लिहायला काहीच अवघड नव्हते. चार शब्दांचे होते. त्यांनी बोटे की-बोर्डवर ठेवली आणि लिहिले: 'वर येण्यास विलंब झाल्याने'.

'अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

पाणी हनुवटीवर आले.

"काका," गॅलरीखालून सेजलची हाक आली. "वायर देताय ना? पाहुणे आलेत."

सुहासराव उठले. बारसे त्यात होते, मानसीची आई त्यात होती. सगळे त्यात होते, त्या दिवसाच्या गेटसकट. त्यांनी एक क्षणही जास्त घेतला नाही. वायर ओढली.

टक् टक् झाले नाही. खर्रही नाही. डबा गप्प झाला.

वायर गुंडाळून त्यांनी पिशवीत घातली, दोरीने गॅलरीतून खाली सोडली. सेजलने ती काढून घेतली, पिशवीला झटका दिला.

"काका, ही ओली कशी?"

ते आत आले. टीव्ही चालू होता. पडद्यावर बारसे होते. वर सगळी माणसे, पाळणा, फुले. खाली नुसते तपकिरी पाणी आणि जाळीचे गज. सुहासराव कुठेच दिसत नव्हते.

त्यांनी टीव्ही बंद केला. हॉलमध्ये पुराचा वास होता.

बाहेर कडकडीत ऊन होते. कुठे तरी कुकरची शिटी झाली.

खाली गेट वाजले.

मानसी असेल. पण मानसीने किल्ली आत टाकली होती, आणि वरंधची गाडी संध्याकाळी येते.

ते जिन्याच्या तोंडाशी आले. किल्ली त्यांच्या हातात होती. कधी घेतली ते आठवत नव्हते. तेराव्या पायरीची रेघ ओली होती. तिच्या खालच्या सगळ्या पायऱ्या चकचकत होत्या.

गेट पुन्हा वाजले. जोरात नाही. बोटाने ठोकावे तसे, अदबीने.

आवाज ओळखीचा होता. शब्द तेवढे नवीन होते.

"सुहासराव, जरा गेट उघडता का? वायर आणलीय."